बँडसॉ सरळ का कापत नाही?

घरच्या वर्कशॉपसाठी बँडसॉ, म्हणजे फिरत्या पट्टीच्या पात्याने लाकूड कापणारं यंत्र, घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार जवळजवळ ठरलेली असते. फळीवर सरळ रेघ मारली, फळी नीट टेकवून पुढे ढकलली, तरी काप हळूहळू रेघ सोडून एका बाजूला निघाला. हात स्थिर होता, यंत्र नवं होतं, मोटरही जोरात होती. मग वाटू लागतं की यंत्रच सदोष आलं, किंवा बँडसॉ हा नाजूक वळणं कापण्यापुरताच, त्याच्याकडून सरळ कामाची अपेक्षाच करू नये.

माझ्या मते या दोन्ही समजुतींमुळे एक अतिशय गुणी यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडतं. बँडसॉ सरळ कापतो. जाड लाकडातून एकसारख्या जाडीच्या पातळ फळ्या काढून देतो, आणि त्याच टेबलावर खुर्चीच्या पाठीचं वळणही कापून देतो. फक्त त्याच्या पोटात काय चाललं आहे ते कळलं पाहिजे.

## यंत्र असतं कसं

वर एक चाक, खाली एक चाक आणि दोघांवरून फिरणारी पोलादाची अखंड पातळ पट्टी. या पट्टीच्या एका कडेला दाते असतात. हेच पातं. खालचं चाक मोटर फिरवते. वरचं चाक पात्याबरोबर फिरतं, आणि त्याच्याकडे आणखी दोन कामं असतात. ते वर सरकवलं की पातं ताणलं जातं, आणि थोडं पुढेमागे कललं की पातं चाकावर पुढेमागे सरकतं. दुसऱ्या कामाला ट्रॅकिंग म्हणतात. चाकांवर रबराची धाव असते, आणि बहुतेक यंत्रांत ती मध्यभागी किंचित फुगीर असते. या फुगवट्यामुळेच पातं चाकावर टिकतं.

पातं टेबलातून खाली जातं. टेबलाच्या वर आणि खाली गाईड असतात. त्यातले दोन बाजूंनी पात्याला डुलू देत नाहीत आणि एक, बहुधा बेअरिंगच्या रूपात, मागून आधार देतो. टेबलावरची जी सरळ आडपट्टी फळीला वाट दाखवते ती फेन्स.

कल्पना जुनी आहे. विल्यम न्यूबेरी यांनी १८०९ मध्ये ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं, पण यंत्र रूढ व्हायला अनेक दशकं गेली. अडचण चाकांची नव्हती. सतत वाकून-सरळ होऊनही सांध्यावर तुटणार नाही अशी पट्टी बनत नव्हती. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅन पॉलिन क्रेपिन यांनी पातं जोडण्याची टिकाऊ पद्धत शोधली, पॅरिसच्या पेरिन कंपनीने ती विकत घेतली, आणि तिथून आजच्या बँडसॉची वाट मोकळी झाली. म्हणजे पहिल्या दिवसापासून या यंत्राचं नशीब पात्यावर अवलंबून आहे. आजही तेच खरं आहे.

## पात्याला सरळ कोण ठेवतं?

शाळेतली पातळ स्टीलची फूटपट्टी हातात घ्या. ती आडवी धरून सपाट बाजूने दाबली तर सहज वाकते. कडेवर उभी धरून दाबली तर वाकत नाही. बँडसॉचं पातं अगदी असंच आहे. लाकूड दात्यांवर येतं तेव्हा जोर कडेवर पडतो, म्हणजे ताकदीच्या बाजूने. पण पट्टीला कडेवर जास्तच दाबलं तर ती सरळ मागे न जाता मधूनच बाजूला वळते, पिळली जाते. पातंही तेच करतं. बाजूने त्याला स्वतःची ताकद जवळजवळ नाही. बाजूने ते सरळ राहतं ते ताणामुळे, आणि थोडंफार गाईडमुळे.

यातून पुढचं सगळं उलगडतं. पातं बाजूला जाऊ नये असं वाटत असेल तर दोनच उपाय आहेत: त्याचा ताण पुरेसा ठेवा, आणि त्याच्यावर मागे ढकलणारा जोर कमी पडू द्या. पातं धारदार असेल, दाते कामाला साजेसे असतील आणि ढकलण्याची घाई नसेल तर जोर कमी पडतो. बोथट पात्याला तेवढंच लाकूड कापायला कितीतरी जास्त रेटावं लागतं, आणि तो सगळा रेटा पात्याला पिळायला कारणी लागतो.

गाईड पात्याला दिशा देतात, ही समजूत मनातून काढून टाकावी. गाईड हे कुंपण आहे. पातं मोकळं फिरत असताना त्यांना टेकलेलं नसतं.

## निवडताना

बँडसॉचं माप त्याच्या चाकाच्या व्यासावरून सांगतात. १४ इंची म्हणजे चाकाचा व्यास १४ इंच. पात्यापासून खांबापर्यंतची मोकळी जागा त्याहून थोडी कमी असते, आणि तेवढ्याच रुंदीची फळी त्या बाजूला मावते. दुसरं माप उंचीचं, म्हणजे वरचा गाईड पूर्ण वर नेल्यावर किती जाड लाकूड जातं ते. जुन्या धाटणीच्या ओतीव लोखंडी १४ इंची यंत्रांत ती ६ इंच असते. मध्ये जोडतुकडा घातला की १२ होते, मात्र पातंही लांब लागतं, ९३.५ ऐवजी १०५ इंची. पत्र्याची चौकट असलेल्या नव्या यंत्रांत मुळातच जास्त उंची मिळते.

बहुतेक लोक आधी मोटर बघतात. मी चौकट आधी बघायला सांगेन. अर्धा इंच रुंदीच्या पात्याला योग्य ताण द्यायचा तर वरच्या चाकाला साधारण दीडशे किलोच्या आसपास ओढ सोसावी लागते. पाऊण इंची पात्याला त्याहून बरीच जास्त. हा सगळा भार चौकटीवर येतो. ती लवली तर चाकं कलतात आणि ताणही पात्यात पोचत नाही. छोट्या यंत्रावर 'पाऊण इंचापर्यंत पातं चालेल' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ ते पातं चाकावर बसेल एवढाच. ते ताणलं जाईल याची हमी त्यात नसते. छोट्या यंत्रावर छापील मर्यादेच्या एक पायरी खाली राहावं.

चाक मोठं असण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. चाकावरून जाताना पातं वाकतं, आणि त्या वाकण्याने पोलादावर जो ताण येतो तो आपण मुद्दाम दिलेल्या ताणाच्या दुपटीहून जास्त असू शकतो. १४ इंची यंत्रावर पातं मिनिटाला सुमारे ९०० मीटर वेगाने फिरतं. ९३.५ इंची पात्याचा प्रत्येक भाग या वेगाने मिनिटाला साडेसातशेहून जास्त वेळा वाकतो, तासाला सुमारे ४५ हजार वेळा. चाक लहान झालं की प्रत्येक वाकणं तीव्र होतं. ९ किंवा १० इंची यंत्रावर जाड पातं वारंवार का तुटतं याचं उत्तर इथे आहे. अशा यंत्राला पातळ पोलादाचंच पातं घ्यावं.

मोटरचं म्हणाल तर वळणं आणि इंच-दोन इंच जाडीच्या कामाला अर्धा ते एक अश्वशक्ती पुरते. दहा-बारा इंच उंचीचं लाकूड चिरायचं असेल तर दीड ते दोन हवी. बेअरिंगचे गाईड की ठोकळ्यांचे, यावर लोक फार वेळ घालवतात. नीट लावलेले दोन्ही चांगले चालतात.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर दारं उघडून चाकं हाताने फिरवा. चाक डुलतं का, बेअरिंग खरखरतं का, रबर भेगाळलंय का ते बघा. रबर बदलता येतं, बेअरिंगही बदलता येतं. ओतीव चौकटीला किंवा टेबल बसवण्याच्या खोबणीला तडा असेल तर मात्र हात जोडून परत यावं.

## पातं: सगळ्यात जास्त विचार इथे करा

यंत्राबरोबर आलेलं पातं पुष्कळदा कामचलाऊ असतं. यंत्राबद्दल मत बनवण्याआधी एक चांगलं पातं आणून लावा. नव्वद टक्के शंका तिथेच मिटतील असं मी म्हणणार नाही, पण पहिला उपाय हाच.

पातं निवडताना तीन गोष्टी ठरवायच्या.

पहिली रुंदी. रुंद पातं कडेवर ताठ राहतं म्हणून सरळ कामाला चांगलं. अरुंद पातं वळतं. पाव इंची पात्याने सुमारे १६ मिमी त्रिज्येचं वळण घेता येतं, तीन अष्टमांश इंचीने ३७ मिमी, अर्धा इंचीने ६३ मिमी, आणि एक अष्टमांशाने अवघं ५ मिमी. त्याहून घट्ट वळणात घुसवलं तर पातं पिळतं, जळकट वास येतो आणि शेवटी तुटतं.

दुसरी दात्यांची संख्या, म्हणजे एका इंचात किती दाते. नवखा माणूस बारीक दात्यांकडे ओढला जातो, कारण बारीक दाते म्हणजे गुळगुळीत काप असं वाटतं. पातळ लाकडात ते खरंही आहे. पण दोन दात्यांमधली खाच ही भुसा वाहून नेण्याची जागा आहे, आणि मोकळा झालेला भुसा मूळ लाकडापेक्षा पुष्कळ जास्त जागा घेतो. सहा इंच उंचीच्या लाकडात इंचाला १० दाते असलेलं पातं घातलं तर एका वेळी ६० दाते लाकडात असतात, प्रत्येकाची खाच इवलीशी. खाचा अर्ध्यातच भरतात, दाते लाकडाला टेकतच नाहीत, आपण जोर वाढवतो आणि पातं बाजूला पळतं. तेच काम इंचाला ३ दाते असलेल्या पात्याने केलं तर १८ दाते लाकडात असतात, खाचा ऐसपैस असतात, काप सरळ येतो. उलट बाजूची मर्यादा अशी की कमीत कमी तीन दाते सतत लाकडात हवेत. २० मिमी फळीत ३ दात्यांचं पातं म्हणजे दोन-अडीच दातेच लाकडात, त्यामुळे कड फाटते.

तिसरी गोष्ट पात्याचं पोलाद. साधं कार्बन स्टील बहुतेक घरगुती कामाला पुरतं. दात्यांच्या टोकाला कठीण पोलाद असलेलं बायमेटल पातं जास्त दिवस धार धरतं, पण त्याला ताणही जास्त लागतो. कार्बाइडच्या दात्यांचं पातं कठीण लाकडात अप्रतिम चालतं, मात्र ते जाड असतं आणि दणकट यंत्रच मागतं.

एकच पातं ठेवायचं असेल तर अर्धा इंची, इंचाला ३ किंवा ४ दाते. दुसरं घेता आलं तर वळणांसाठी पाव इंची, ६ ते १० दाते. घरच्या बहुतेक कामांचं या दोघांत भागतं.

## जुळणी आणि तिचा क्रम

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते, आणि लोक नेमकं गाईडपासून सुरुवात करतात. आधी प्लग काढा.

सगळे गाईड, वरचे आणि खालचे, पात्यापासून लांब सरकवा. पातं चाकांवर घाला. टेबलाजवळ दाते आपल्याकडे आणि खाली बघत असले पाहिजेत. ते वर बघत असतील तर पातं उलटं गुंडाळलेलं आहे. कितीही फिरवलं तरी ते सुलट होणार नाही, हातमोजे घालून आतली बाजू बाहेर काढावी लागते.

थोडा ताण द्या आणि वरचं चाक हाताने फिरवत पातं कुठे स्थिरावतं ते बघा. चाकाचा कल थोडा थोडा बदलत ते जागेवर आणा. मग पूर्ण ताण द्या आणि ट्रॅकिंग पुन्हा बघा, कारण ताण वाढला की पातं सरकतं. यंत्रावरची ताणाची खूणपट्टी अंदाजापुरतीच, स्प्रिंग जुनी झाली की ती आणखी चुकते. वरचा गाईड टेबलापासून १५० मिमी वर नेऊन पात्याला बोटाने बाजूने बेताचं दाबा. सुमारे ६ मिमी सरकलं तर ताण ठीक आहे. त्याहून जास्त जात असेल तर कमी आहे.

टेबल आणि पातं यांच्यात गुण्या धरून काटकोन तपासा. मग गाईडकडे वळा. मागचं बेअरिंग पात्याला जवळजवळ टेकेल इतकं आणा, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मोकळं फिरताना ते फिरता कामा नये, लाकूड लागलं की फिरावं. बाजूचे गाईड पातळ कागदाच्या जाडीइतक्या अंतरावर. त्यांची पुढची कड दात्यांच्या खाचेच्या किंचित मागे असावी. दाते गाईडमध्ये शिरले तर दोन सेकंदांत त्यांची धार जाते. खालचे गाईड वाकून बघावे लागतात म्हणून बरेच जण ते तसेच सोडतात. पात्याला पिळणारा जोर खालीही तेवढाच असतो, त्यामुळे तसं करू नये.

शेवटी दारं बंद करून यंत्र सुरू करा. कापताना वरचा गाईड लाकडाच्या वर पाच-सहा मिमी एवढाच ठेवा. उघडं पातं जितकं लांब तितकं ते डुलायला मोकळं, आणि बोटांना धोका तितका जास्त.

## 'पण प्रत्येक पातं एका बाजूला ओढतंच, फेन्स वाकडी लावावी लागते'

हा आक्षेप अनुभवी लोकांकडूनही येतो आणि त्यात तथ्य आहे. पात्याच्या या ओढीला ड्रिफ्ट म्हणतात. जुनी पद्धत अशी की फेन्स न वापरता हाताने रेघेवर कापायचं, अर्ध्यात थांबायचं, फळी ज्या कोनात आली तो कोन टेबलावर उतरवायचा आणि फेन्स त्याला समांतर लावायची. ही पद्धत चालते. अडचण एवढीच की पातं बदललं की कोन बदलतो, आणि टेबलाच्या खाचेत सरकणारी काटकोनी पट्टी वापरायची म्हटली की काप तिरका येतो.

मला दुसरी पद्धत पटते. फुगीर रबरावर पातं उतारावर बसलं असेल तर त्याचं तोंड किंचित डावी-उजवीकडे होतं. ट्रॅकिंगने पातं असं आणावं की दात्यांच्या खाचेचा तळ वरच्या चाकाच्या मध्यावर येईल, मग टेबल सैल करून त्याची खाच पात्याला समांतर करावी आणि फेन्स खाचेला समांतर. मधल्या रुंदीची पाती पुष्कळदा यानंतर ओढ सोडतात. सपाट रबराच्या चाकांना मात्र हा नियम लागू नाही. त्यांच्यावर रुंद पात्याचे दाते चाकाच्या पुढच्या कडेबाहेर ठेवतात, तिथे यंत्राची पुस्तिका सांगेल तसं करावं.

एवढं करूनही ओढ राहिली, किंवा काल नसलेली ओढ आज आली, तर पात्याच्या एका बाजूचे दाते बोथट झाले आहेत. बहुधा कुठेतरी खिळा लागला असेल. वाकडी फेन्स लावून हा दोष झाकता येतो, पण पातं बदलणंच योग्य.

## लक्षणावरून बिघाड ओळखणं

उंच लाकूड चिरताना वरखाली माप बरोबर आणि मध्ये फळी फुगीर किंवा खोलगट, तर पातं लाकडाच्या आत वाकलं आहे. ताण कमी, दाते जास्त, धार गेलेली किंवा ढकलण्याची घाई, या चारपैकी काहीतरी आहे. मी धारेपासून सुरुवात करतो.

पातं चाकावरून सुटत असेल तर ट्रॅकिंग आणि रबर बघा. रबरावर राळ आणि भुशाचा थर चढून फुगवटा नाहीसा झालेला असतो. खालच्या चाकावर जास्त. तो थर खरवडून काढला की थरथरही पुष्कळदा जाते. थरथर राहिली तर मोटरचा पट्टा काढून बघा. बराच काळ एकाच जागी उभ्या राहिलेल्या यंत्राच्या पट्ट्याला कायमचा बाक येतो.

एकसारखा टिक-टिक आवाज पहिल्या दिवसापासून असेल तर पात्याचा सांधा जाड आहे आणि तो गाईडला घासतो. तोच आवाज अचानक सुरू झाला तर यंत्र तिथल्या तिथे बंद करा. पात्याला खाचेपाशी तडा गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

पाती सारखी तुटत असतील आणि प्रत्येक वेळी सांध्यावरच, तर दोष जोडणाऱ्याचा. वेगवेगळ्या जागी तुटत असतील तर चाकाच्या मानाने पातं जाड आहे, किंवा मागचं बेअरिंग अडकलं आहे, किंवा घट्ट वळणं घेतली जात आहेत. यंत्र काही दिवस वापरायचं नसेल तर ताण सैल करून ठेवावा. याने स्प्रिंग आणि रबर वाचतं. सैल केल्याची चिठ्ठी मात्र यंत्रावर लावा, नाहीतर पुढच्या वेळी तसंच सुरू कराल.

चाकं एका पातळीत नाहीत असं कुणी सांगितलं तर लगेच पाचर घालायला धावू नका. पातं टिकत असेल आणि काप सरळ येत असेल तर चाकांना हात लावायचं कारण नाही.

## सुरक्षित म्हणतात, ते कितपत?

गोल पात्याच्या टेबल सॉमध्ये लाकूड उलट आपल्या अंगावर फेकलं जाण्याचा धोका असतो. बँडसॉमध्ये पात्याचा जोर खाली, टेबलावर असतो, त्यामुळे तो धोका जवळजवळ नाही. म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि या यंत्रावरच्या जखमा त्यातूनच होतात. पातं शांत चालतं, लाकूड हळू जातं, आणि कापाच्या शेवटी लाकूड अचानक संपून अंगठा पुढे जातो. शेवटचे दहा सेंटीमीटर हाताने ढकलू नका, काठी वापरा. पात्याच्या रेषेत बोट कधीच नसावं. यंत्र चालू असताना हातमोजे नकोत.

गोल लाकूड, दांडा किंवा फांदी नुसती टेबलावर ठेवून कापू नका. दाते तिला गरकन फिरवतात आणि हात आत ओढला जातो. व्ही आकाराच्या ठोकळ्यात ती घट्ट बसवूनच कापावी. लांब वळणातून लाकूड मागे ओढायचं झालं तर आधी यंत्र बंद करा, नाहीतर पातं चाकांवरून ओढलं जातं. घट्ट वळण कापण्याआधी कडेपासून रेघेपर्यंत आडवे छेद घ्यावेत, म्हणजे तुकडे आपोआप गळून पडतात आणि मागे यायची वेळच येत नाही.

पातं तुटलं तर मोठा आवाज होतो, पण दारं बंद असतील तर ते बहुधा आतच राहतं. बटण बंद करा, मागे सरा, आणि दोन्ही चाकं पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नका. वरचं चाक पात्याशिवाय एकटंच बराच वेळ फिरत राहतं.